द्रव स्फटिक दर्शकांची विश्वसनीयता

दोन काचांमध्ये बंदिस्त केलेल्या द्रव स्फटिकाच्या अतिशय पातळ थरावर विद्युत् दाब लावून अंक, अक्षरे किंवा चित्रे दाखविणाऱ्या प्रयुक्तीस द्रव स्फटिक दर्शक म्हणतात. व्यवहारात ती ‘एलसीडी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नेमून दिलेल्या परिस्थितीत व नेमून दिलेल्या मुदतीपर्यंत बिघाड न होता काम करीत राहण्याची संभाव्यता म्हणजे अशा दर्शकाची विश्वसनीयता होय. मनगटी घड्याळ, गणकयंत्र, विजेचा मीटर, मोटारगाडी, रुग्णालयातील उपकरणे आणि लढाऊ विमान अशा सर्व ठिकाणी आज हे दर्शक वापरले जातात. तथापि १९७० च्या सुमारास ते अल्पायुषी व तापमानाच्या बाबतीत नाजूक असल्याने प्रयोगशाळेबाहेर फारसे विश्वासपात्र मानले जात नसत.

त्यांना टिकाऊपणा आला तो एखाद्या एकाच शोधामुळे नव्हे. साखळीतील सर्वांत कच्ची कडी शोधावयाची, ती भक्कम करावयाची आणि मग पुढची कच्ची कडी उघडी पडावयाची, असा या इतिहासाचा क्रम आहे. प्रथम द्रव स्फटिकाचा रेणूच कच्चा होता. तो पक्का झाल्यावर काचांचा सांधा, त्यानंतर विद्युत् दाब, पुढे ट्रँझिस्टर व मागील दिवा आणि अखेरीस दर्शकाला माहिती पुरविणारा संगणक, अशी दुर्बलतेची जागा आतून बाहेर सरकत गेली. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. दर्शक कोरा पडल्यास जेथे जीविताला धोका संभवतो, अशा उपयोगाचे उदाहरण म्हणून या इतिहासाचा अखेरचा टप्पा तेथील विमानांच्या आधारे पुढे दिला आहे.

कार्यतत्त्व : प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्सर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग तापविताना दोन वितळबिंदू आढळले. सु. १४५° से. तापमानास ते वितळून गढूळ द्रव बनले आणि सु. १७८° से. तापमानास तो द्रव एकदम स्वच्छ झाला. जर्मन भौतिकीविज्ञ ओटो लेमान यांनी या गढूळ अवस्थेचा अभ्यास करून ती वाहती असूनही स्फटिकाप्रमाणे प्रकाशीय गुणधर्म दाखविते, असे प्रतिपादिले. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्जेस फ्रीडेल यांनी १९२२ मध्ये रेणूंच्या मांडणीवरून या अवस्थांचे नेमॅटिक, स्मेक्टिक व कोलेस्टेरिक असे वर्गीकरण केले. यांपैकी नेमॅटिक अवस्थेत काडीसारखे लांबट रेणू एकमेकांना सर्वसाधारणपणे समांतर राहतात, पण त्यांचे थर नसतात. दर्शकात मुख्यतः हीच अवस्था वापरली जाते.

या अवस्थेला दोन्ही बाजूंनी तापमानाची मर्यादा असते. खालच्या मर्यादेस पदार्थ घन होतो, तर वरच्या मर्यादेस रेणूंची शिस्त मोडून तो साधा द्रव बनतो. वरच्या तापमानास स्वच्छतांक म्हणतात. दोन्ही मर्यादांच्या बाहेर दर्शक काम करीत नाही. म्हणून तापमानाचा पल्ला वाढविणे ही या दर्शकांच्या विश्वसनीयतेची पहिली अट ठरली.

प्रारंभीचे दर्शक : अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी १९६२ मध्ये विद्युत् क्षेत्रातील द्रव स्फटिकात पट्ट्यांसारखी आकृती पाहिली. त्याच प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून ‘गतिमान प्रकीर्णन’ या परिणामावर काम केले आणि कंपनीने १९६८ मध्ये असे दर्शक जाहीररीत्या दाखविले. या पद्धतीत द्रवातून आयनांचा प्रवाह जाऊ दिला जातो. त्यामुळे द्रवात खळबळ माजून तो दुधी दिसतो व त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो.

या रचनेतच तिच्या अल्पायुष्याचे कारण होते. दर्शक चालण्यासाठी प्रवाह आवश्यक, आणि प्रवाह वाहिला की विद्युत् अग्रांशी रासायनिक विक्रिया अटळ, अशी ही कोंडी होती. शिवाय त्या काळी वापरली जाणारी बहुतेक द्रव्ये शिफ क्षारक या वर्गातील होती. जर्मनीतील हान्स केल्कर यांनी १९६९ मध्ये तयार केलेले एमबीबीए हे याच वर्गातील संयुग सर्वसाधारण तापमानास नेमॅटिक राहत असल्याने फार उपयुक्त ठरले. परंतु शिफ क्षारकांतील कार्बन–नायट्रोजन दुहेरी बंध ओलाव्याच्या सान्निध्यात तुटतो. या जलीय विच्छेदनाने आल्डिहाइड व अमाइन तयार होतात, द्रव पिवळसर होतो, स्वच्छतांक खाली येतो आणि संवाहकता वाढते. हवेतील बाष्पाचा सूक्ष्म अंशही पुरेसा असल्याने काचांचा सांधा थोडा जरी पाझरला तरी दर्शकाचा ऱ्हास सुरू होई.

जपानमधील शार्प कंपनीने १९७३ मध्ये ‘ईएल–८०५’ हे खिशात मावणारे गणकयंत्र बाजारात आणले. त्यातील दर्शक गतिमान प्रकीर्णनाचाच होता व ते एका लहान विद्युत् घटावर सु. १०० तास चाले. दर्शकासाठी एकदिश प्रवाहाऐवजी प्रत्यावर्ती दाब वापरल्यास विद्युत् अग्रांवरील विक्रिया बऱ्याच अंशी टळते, हा या कालखंडातील महत्त्वाचा धडा होता. पुढील सर्व प्रकारच्या दर्शकांत तो पाळला गेला.

पीळयुक्त नेमॅटिक दर्शक : स्वित्झर्लंडमधील हॉफमान-ला रोश कंपनीत मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी डिसेंबर १९७० मध्ये वेगळ्या रचनेचे पेटंट मागितले आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही १९७१ मध्ये अशाच रचनेसाठी अर्ज केला. या रचनेत एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जाताना रेणूंची दिशा ९०° ने पिळलेली असते. त्यामुळे ध्रुवित प्रकाशाचे प्रतलही तितकेच फिरते व तो दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. काही व्होल्ट दाब लावला की रेणू उभे राहतात, पीळ नाहीसा होतो आणि तो भाग काळा दिसतो.

येथे काम दाबाने होते, प्रवाहाने नव्हे. द्रव जितका शुद्ध व विद्युत् निरोधक तितका दर्शक अधिक चांगला, असा उलटा नियम या रचनेने प्रस्थापित केला. प्रवाह अत्यल्प असल्याने घड्याळातील बटणाएवढा घट दीर्घकाळ पुरू लागला, आणि विद्युत् विच्छेदनाचे मुख्य कारणही दूर झाले. रचनेचा प्रश्न अशा रीतीने सुटला, पण योग्य द्रव्याचा प्रश्न शिल्लक राहिला.

सायनोबायफिनिले : या द्रव्यांचा शोध इंग्लंडमधील हल विद्यापीठात लागला. तेथील रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रे यांचे द्रव स्फटिकांच्या रेणवीय संरचनेवरील पुस्तक १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० मध्ये त्यांना सर्वसाधारण तापमानास स्थिर राहणारी द्रव्ये शोधण्याचे काम दिले. ज्या द्रव्यांचा तोपर्यंत उपयोग होत होता, त्यांत दोन बेंझीन वलये मधल्या एखाद्या गटाने जोडलेली असत आणि रेणू तुटे तो बहुधा याच जोडापाशी. ग्रे यांनी हा मधला गटच काढून टाकला व दोन वलये परस्परांना थेट जोडली. एका टोकाला सायनो गट व दुसऱ्या टोकाला अल्किल साखळी असलेली ही सायनोबायफिनिले १९७२ मध्ये तयार झाली आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. ती रंगहीन असून ओलावा व प्रकाश यांना चांगली दाद देत नाहीत. सायनो गटामुळे ती कमी दाबालाही प्रतिसाद देतात.

यांपैकी पाच कार्बनांची साखळी असलेले संयुग सु. २४° ते ३५° से. या पल्ल्यातच नेमॅटिक असते. एवढ्या पल्ल्यावर नाशिकच्या हवामानातही वर्षातील बराच काळ घड्याळ बंद राहिले असते. मालव्हर्न येथील शासकीय रडार संशोधन संस्थेतील पीटर रेन्स यांनी योग्य प्रमाणात घटक मिसळून वितळबिंदू खाली आणण्याचे गणित मांडले. त्यातून निघालेले ‘ई–७’ हे चार घटकांचे मिश्रण सु. −१०° ते ६०° से. पर्यंत काम देऊ लागले. बीडीएच कंपनीने ही द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार केली व घड्याळे आणि गणकयंत्रे यांच्या उद्योगाला पायाभूत माल मिळाला. पुढे जर्मनीतील मेर्क कंपनीने १९७० नंतरच्या दशकात फिनिल सायक्लोहेक्झेन वर्गातील द्रव्ये आणली. त्यांची श्यानता कमी असल्याने थंडीतही अंक लवकर बदलू लागले.

पीळयुक्त दर्शकात प्रारंभी ठिकठिकाणी डाग दिसत. काही भागांत रेणूंचा पीळ उजवीकडे, तर काही भागांत डावीकडे पडत असल्याने असे घडे. रेन्स यांनी मिश्रणात कोलेस्टेरिक द्रव्याचा अल्पसा अंश घालून पिळाची दिशा एकच ठेवली व हा दोष दूर केला.

काच, सांधा व ध्रुवक : रेणू टिकाऊ झाल्यावर त्यांच्या घराकडे लक्ष वळले. काचांवर इंडियम-कथिल ऑक्साइडाचा पारदर्शक संवाहक लेप असतो. त्यावर रेणूंना दिशा देणारा पॉलिइमाइडाचा पातळ थर देऊन तो कापडाने एकाच दिशेने घासतात. घासण्यातील असमानता किंवा राहिलेला धुळीचा कण पुढे कायमचा दोष ठरतो. दोन काचांतील अंतर सु. ५ ते १० मायक्रोमीटर असते. ते सर्वत्र सारखे राहावे म्हणून त्यांत काचतंतूंचे तुकडे किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे पसरतात.

शिफ क्षारकांच्या काळात सांधा वितळलेल्या काचचूर्णाचा करावा लागे. तो बाष्पाला उत्तम प्रतिबंध करी, परंतु त्यासाठी काच कित्येक शे अंश तापवावी लागत असल्याने काम खर्चाचे व अवघड होते. सायनोबायफिनिले पाण्याने बिघडत नसल्याने एपॉक्सी रेझिनाचा स्वस्त सांधा चालू शकला. एका कडीतील सुधारणेमुळे दुसऱ्या कडीवरील भार असा हलका झाला. मात्र एपॉक्सीतून द्रवात उतरणारी मलद्रव्ये, तसेच उष्ण व दमट हवेत सांध्यातून शिरणारे बाष्प यांवर नियंत्रण ठेवावे लागलेच.

काचांच्या बाहेरील बाजूंस चिकटविलेले ध्रुवकही नाजूक असतात. आयोडीनयुक्त पॉलिव्हिनिल अल्कोहॉलाचे ध्रुवक उष्णता व दमटपणा यांमुळे फिके पडतात किंवा त्यांचे पापुद्रे सुटतात. म्हणून मोटारगाड्यांत व उघड्यावरील उपकरणांत अधिक टिकाऊ रंजकयुक्त ध्रुवक वापरले जाऊ लागले. उन्हातील जंबुपार प्रारण अडविण्यासाठी त्यांवर गाळण थर देतात.

विद्युत् दाब व जोडणी : दर्शकाला लावलेल्या प्रत्यावर्ती दाबात एकदिश दाबाचा थोडासाही अंश सतत राहिला, तर आयन एका काचेकडे साचतात. परिणामी विद्युत् अग्रांचा ऱ्हास होतो, अथवा जुन्या आकृतीची छाया नव्या आकृतीवर रेंगाळते. म्हणून चालक मंडलातील दोन्ही अर्धचक्रांचा दाब शक्य तितका समान ठेवतात.

प्रत्यक्ष वापरातील पुष्कळ बिघाड मात्र काचेत नसून तिच्या जोडणीत असतात. लहान दर्शकांत काच व विद्युत् मंडल यांना जोडण्यासाठी संवाहक व निरोधक थर आलटून पालटून असलेली रबराची पट्टी वापरतात. तिच्यावरील दाब कमी झाला किंवा मध्ये धूळ शिरली म्हणजे अंकाचा एखादा खंड उमटत नाही. हा दोष दर्शक पूर्ण कोरा पडण्यापेक्षा अधिक फसवा होय. सात खंडांनी बनलेल्या ८ या अंकातील मधला खंड गेल्यास ० दिसतो, उजवीकडचा वरचा खंड गेल्यास ६ व डावीकडचा खालचा खंड गेल्यास ९ दिसतो. विजेच्या मीटरवर असा अंक वाचला गेला तर ग्राहकाचे देयक चुकते, आणि औषध मोजणाऱ्या उपकरणावर वाचला गेला तर त्याहून गंभीर परिणाम संभवतात. याच कारणाने अनेक उपकरणांत चालू होताना सर्व खंड क्षणभर एकदम दाखविण्याची सोय असते. बिघाड न होणे जसे महत्त्वाचे, तसेच झालेला बिघाड लपून न राहणेही महत्त्वाचे, हे तत्त्व त्यामागे आहे.

भारतातील संशोधन : भारतात या विषयाचा पाया बंगळुरू येथील रामन संशोधन संस्थेत घातला गेला. तेथे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७१ मध्ये द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा सुरू केली. सायनोबायफिनिलांचे लगतचे रेणू एकमेकांच्या विरुद्ध दिशेने तोंड करून जोडीने राहतात, या महत्त्वाच्या वस्तुस्थितीकडे चंद्रशेखर व एन. व्ही. मधुसूदन यांच्या कार्याने लक्ष वेधले. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव स्फटिक बनतात, असे दाखवून दिले. त्याच वर्षी चंद्रशेखर यांचा ‘लिक्विड क्रिस्टल्स’ हा ग्रंथ केंब्रिज येथून प्रसिद्ध झाला. चकतीसदृश रेणूंचा उपयोग पुढे जपानमध्ये दर्शकाची प्रतिमा तिरक्या कोनातूनही नीट दिसावी यासाठी लावावयाच्या पटलात करण्यात आला. बंगळुरूमध्येच १९९१ साली द्रव स्फटिक संशोधन केंद्र स्थापन झाले.

पातळ पटल ट्रँझिस्टर : अंकांऐवजी पूर्ण चित्र दाखवावयाचे तर हजारो बिंदूंना स्वतंत्रपणे दाब द्यावा लागतो. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रॉडी यांच्या गटाने १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी प्रत्येक बिंदूपाशी कॅडमियम सिलिनाइडाचा पातळ पटल ट्रँझिस्टर बसविला. परंतु हे द्रव्य एकसारखे व स्थिर ठेवणे कठीण गेले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर व पीटर ल कोंबर यांनी १९७९ मध्ये अस्फटिकी सिलिकॉनाचा ट्रँझिस्टर या कामासाठी सुचविला. तो मोठ्या काचेवर कमी तापमानात निक्षेपित करता येत असल्याने उद्योगाने तो स्वीकारला. शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत दर्शक तयार करून दाखविला.

ट्रँझिस्टरने द्रवाकडून नवी अपेक्षा केली. बिंदूला एकदा दिलेला विद्युत् भार पुढील वेळेपर्यंत, म्हणजे सु. १/६० सेकंद, गळता कामा नये. एका काळी स्थैर्याचे प्रतीक असलेली सायनो संयुगे येथे कमी पडली, कारण सायनो गट आयनांना धरून ठेवतो व त्यामुळे भार गळतो. त्यांच्या जागी अत्युच्च रोधकतेची फ्ल्युओरीनयुक्त द्रव्ये आली. पूर्वीचा उपाय नव्या परिस्थितीत दोष ठरू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. रंगीत दर्शकामागे प्रारंभी पारायुक्त बारीक अनुस्फुरक नळ्या असत. त्या थंडीत मंद पेटत, कालांतराने अंधुक होत आणि त्यांना उच्च दाबाचे मंडल लागे. २००० नंतर त्यांची जागा पांढऱ्या प्रकाश उत्सर्जक डायोडांनी घेतली. त्यामुळे आयुष्य वाढले, पाऱ्याचा प्रश्न सुटला व हादऱ्यांनी नळी फुटण्याची भीती गेली. मात्र डायोडांची उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागली.

कसोट्या : दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तूची परीक्षा दहा वर्षे घेता येत नाही. म्हणून तापमान, आर्द्रता व दाब वाढवून ऱ्हास मुद्दाम जलद घडवितात. तापमान १०° से. ने वाढल्यास रासायनिक विक्रियेचा वेग सु. दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार २५° ऐवजी ८५° से. तापमानास वेग सु. ६४ पट होईल, व तेथे काढलेले १,००० तास सर्वसाधारण तापमानाच्या ६४,००० तासांच्या, म्हणजे सु. ७ वर्षांच्या बरोबरीचे ठरतील. हा हिशोब बिघाडाचे कारण दोन्ही तापमानांस तेच असेल तरच खरा असतो. चाचणीचे तापमान स्वच्छतांकाच्या वर गेल्यास किंवा सांध्याचे रेझिन मऊ पडल्यास प्रत्यक्षात कधीही न होणारा बिघाड चाचणीत दिसतो.

लष्करी इलेक्ट्रॉनिक साधनांसाठी भारतात ‘जेएसएस ५५५५५’ हे मानक वापरले जाते. उष्णता, थंडी, तापमानातील अचानक बदल, दमटपणा, कंपने, धक्के, धूळ व खारी हवा अशा कसोट्यांचा अशा मानकांत समावेश असतो.

ओझर येथील विमाने : ओझर हे गाव निफाड तालुक्यात असून हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लि. या कंपनीच्या तेथील विभागात प्रथम मिग–२१ व नंतर मिग–२७ ही विमाने बनली. त्यांच्या मूळ आवृत्त्यांत वेग, उंची, इंधन, एंजिनाचे तापमान यांसाठी स्वतंत्र काट्यांच्या तबकड्या होत्या. एक तबकडी बिघडली तरी इतरांवर परिणाम होत नसे. मिग–२१ च्या ‘बायसन’ या सुधारित आवृत्तीत द्रव स्फटिकाचा बहुकार्यी दर्शक आला. भारतीय वायुसेनेने ही विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त केली.

सुखोई–३० एमकेआय या दोन आसनी विमानाच्या रूपाने खरा पालट झाला. हे विमान सप्टेंबर २००२ मध्ये पुण्याजवळील लोहगाव येथे वायुसेनेत समारंभपूर्वक दाखल झाले व ओझर येथे तयार झालेले पहिले विमान २००४ मध्ये सुपूर्त करण्यात आले. तीन टप्प्यांच्या करारांनुसार १४०, ४० व ४२ मिळून २२२ विमानांचे काम ओझरकडे आले. या विमानात ट्रँझिस्टरयुक्त द्रव स्फटिक दर्शक सात असून त्यांपैकी सहा १२७ मिमी. व एक १५२ मिमी. बाजूचा आहे. शिवाय वैमानिकाच्या नजरेसमोर काचेवर माहिती दाखविणारा हेड-अप दर्शक असतो. पूर्वी अनेक तबकड्यांत विभागलेली माहिती आता मोजक्या काचांवर एकवटली, आणि तिच्याबरोबर जोखीमही एकवटली.

अशा दर्शकांना सोसावी लागणारी परिस्थिती विविध आहे. निफाड तालुका हिवाळ्यातील थंडीसाठी प्रसिद्ध असून तेथील किमान तापमान कधीकधी ५° से. च्याही खाली जाते, तर उन्हाळ्यात नाशिक परिसरात पारा ४०° से. च्या आसपास पोहोचतो. ही विमाने ज्या तळांवर असतात त्यांत जोधपूरचे वाळवंट, आसाममधील तेजपूरचा दमटपणा आणि तमिळनाडूतील तंजावर यांचा समावेश आहे. उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा बंद कॉकपिट बाहेरील हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. म्हणून लष्करी दर्शकात रुंद तापमान पल्ल्याचे मिश्रण, थंडीत द्रव ऊबदार ठेवणारा काचेवरील पारदर्शक तापक थर, बाहेरील काच हवेची फट न ठेवता चिकटविणे, परावर्तन कमी करणारे लेप आणि भर उन्हापासून काळोख्या रात्रीपर्यंत कमीअधिक करता येणारा मागील प्रकाश यांची योजना करतात.

भारतात असे दर्शक बनविण्याच्या दृष्टीने ऋण किरण नलिकांच्या उत्पादनात असलेल्या सॅमटेल उद्योगसमूहाने हिंदुस्थान एरॉनॉटिक्सबरोबर संयुक्त कंपनी काढली, व तिच्यामार्फत सुखोईसाठी बहुकार्यी दर्शक तयार झाले. काचेचे मूळ पटल बाहेरून घेऊन त्याला लष्करी वापरायोग्य बळकटी देणे ही या क्षेत्रात जगभर रूढ असलेली पद्धत आहे.

सामायिक बिघाड : मार्च २०१४ मध्ये भारतीय वृत्तपत्रांतून एक गंभीर बाब प्रसिद्ध झाली. सुखोई विमानांत उड्डाणादरम्यान मिशन संगणक वारंवार बंद पडणे आणि हेड-अप दर्शकासह सर्व बहुकार्यी दर्शक कोरे पडणे असे प्रसंग घडत असून भारतीय बाजूने रशियन संस्थांकडे तातडीच्या उपायाची मागणी केली आहे, असे त्या वृत्तांत म्हटले होते.

या प्रकारच्या बिघाडाचे स्वरूप संभाव्यतेच्या हिशोबाने स्पष्ट होते. समजा, चार दर्शकांपैकी प्रत्येक एका विशिष्ट काळात बिघडण्याची संभाव्यता १०० मध्ये १ आहे व ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मग चारही एकाच काळात बिघडण्याची संभाव्यता १० कोटींत १ इतकी नगण्य होते. परंतु त्या चौघांना माहिती किंवा वीज पुरविणारा एकच दुवा असून तो बिघडण्याची संभाव्यता १,००० मध्ये १ असेल, तर चारही कोरे पडण्याची संभाव्यताही जवळजवळ तितकीच होते. सर्व दर्शक एकदम कोरे पडतात तेव्हा कारण काचेत शोधून उपयोग नाही. ते त्यांच्या सामायिक दुव्यात, म्हणजे संगणक, त्याची आज्ञावली, विद्युत् पुरवठा किंवा जोडतारा यांत शोधावे लागते. दर्शक कितीही टिकाऊ केला तरी या बिघाडात उणेपणा येत नाही.

यावरील उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, संगणक व विद्युत् पुरवठा दुहेरी ठेवून ते खरोखर परस्परस्वतंत्र आहेत याची खात्री करणे. दुसरा, एका दर्शकावरील माहिती दुसऱ्यावर घेता येईल अशी सोय. तिसरा, दर्शकांच्या साखळीशी संबंध नसलेली राखीव उपकरणे, उदा., वेग, उंची व विमानाची स्थिती दाखविणारी साधी यंत्रे, कॉकपिटात कायम ठेवणे. जुन्या तबकड्या पूर्णपणे निकाली निघाल्या नाहीत त्याचे कारण हेच होय.

दीर्घकालीन देखभाल : विमान तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते, तर बाजारातील काचपटलाचा नमुना थोड्याच वर्षांत बदलतो. मूळ पटल मिळेनासे झाले की नवे बसवावे लागते व त्याच्या सर्व कसोट्या पुन्हा घ्याव्या लागतात. त्यामुळे सुटे भाग, दुरुस्तीचे ज्ञान व बिघाडांच्या नोंदी हेही विश्वसनीयतेचे घटक ठरतात. ओझर येथे विमानांची बांधणी व मोठी दुरुस्ती या दोन्ही गोष्टी होतात आणि वायुसेनेचे ११ क्रमांकाचे दुरुस्ती आगारही तेथेच आहे. कारखान्यातून बाहेर पडलेला दर्शक काही वर्षांनी कोणत्या अवस्थेत परत येतो, हे पाहण्याची संधी अशा ठिकाणी मिळते. प्रयोगशाळेतील जलद चाचणी खरी होती की नाही, हे अखेर या परत आलेल्या नमुन्यांवरूनच ठरते.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई विमानांचा करार झाला आणि नाशिक येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. या विमानांतही वैमानिकाला मिळणारी बहुतेक माहिती काचेच्या दर्शकांवरूनच मिळते. सात कड्यांच्या साखळीतील प्रत्येक कडीची विश्वसनीयता १०० पैकी ९९ असली, तरी संपूर्ण साखळीची विश्वसनीयता सु. ९३ च भरते. द्रव स्फटिकाचा रेणू आज या साखळीतील बहुधा सर्वांत भक्कम कडी आहे. त्याला तसे करण्यास रसायनशास्त्रज्ञांना सु. वीस वर्षे लागली. उरलेल्या कड्यांचे काम जोडणी, संगणक व देखभाल पाहणाऱ्यांकडे आहे.